वापरलेलं पाणी जातं कुठे? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाण्यावरचे प्रश्न पाठवा असं लिहिलं आणि ढीगच आला. सारखे होते ते एकत्र केलेत, आणि चार ओळींचे दोन ओळींत केलेत त्याबद्दल माफी. एक आधीच सांगून ठेवते, बहुतेकांनी "अमुक गोष्टीला किती पाणी लागतं" असं विचारलंय आणि मी फिरून फिरून "वापरल्यावर ते गेलं कुठे" ह्यावरच येणारे. मला स्वतःला हा फरक कळायला फार वर्षं लागली, त्यामुळे आता तो प्रत्येकाच्या गळ्यात मारायची सवय लागलीये.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. जलचक्र पाचवीपासून शिकतोय, पाण्याची वाफ, वाफेचे ढग, पाऊस, परत नदी. म्हणजे पृथ्वीवरचं पाणी संपतच नाही ना? शिवाय ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. मग टंचाई कसली?

उत्तर : तुझं बरोबर आहे, संपत नाही. पण आधी पिंपाचा हिशोब बघ. जगातलं सगळं पाणी १०० लिटरच्या पिंपात भरलं असं समज. त्यातलं साडेसत्याण्णव लिटर खारं. उरलं अडीच लिटर गोडं, त्यातलं पावणेदोन लिटरच्या आसपास बर्फात अडकलेलं, मुख्यतः अंटार्क्टिका आणि ग्रीनलँडमध्ये, आणि पाऊण लिटर जमिनीखाली. नद्या आणि गोड्या तलावांच्या वाट्याला येतं सात-आठ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाचं झाकण भरेल इतकं.

हे उदाहरण सगळेच देतात आणि ऐकून सगळे घाबरतात, पण त्यात एक गोची आहे. हा झाला साठा. आपलं चालतं ते आवकेवर. घरात पैसे किती पडून आहेत त्यापेक्षा पगार किती आणि कधी येतो हे महत्त्वाचं, तसं. नदीतलं पाणी सरासरी दोन-तीन आठवड्यांत बदलून जातं, म्हणून ते झाकण वर्षभर पुन्हा पुन्हा भरत राहतं. उलट खोल भूजल काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी झिरपलेलं आहे, ते उपसलं की परत भरायला तेवढाच काळ. आणि जलचक्र फिरतं हे खरं असलं तरी तुझ्या सोयीने फिरत नाही, इथून उडालेली वाफ समुद्रात जाऊन पडली तर चक्र पूर्ण झालं पण तुझी विहीर कोरडीच.

मोजायची एक पट्टी आहे, मालिन फाल्केनमार्क ह्या स्वीडिश शास्त्रज्ञ बाईंची. माणशी वर्षाला १७०० घनमीटरपेक्षा कमी पाणी उपलब्ध असेल तर ताण, १००० च्या खाली टंचाई, ५०० च्या खाली तीव्र टंचाई. सोपी आहे म्हणून सगळीकडे वापरतात, पण देशाची सरासरी काढली की कोरडा कोपरा दिसेनासा होतो.

आणि दुसऱ्या जातीची टंचाई तर ह्या पट्टीत मावतच नाही. काँगो नदीत ॲमेझॉनच्या खालोखाल पाणी वाहतं, पण तिच्या खोऱ्यात राहणाऱ्या कितीतरी लोकांच्या घरी स्वच्छ पाणी नाही, कारण पाइप नाही, पंप नाही, शुद्धीकरण नाही. जगात आजही साधारण २१० कोटी लोकांना सुरक्षित पिण्याचं पाणी घरापर्यंत मिळत नाही, म्हणजे चारातला एक. ह्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत ढगांचा काही दोष नाही.

प्रश्न : मी दात घासताना नळ बंद ठेवते, बादलीने अंघोळ करते, मुलांना पण सवय लावलीये. पण नवरा म्हणतो ह्याने जगाचं काय वाचणार? खरं सांगा.

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. (मधे पडायची माझी इच्छा नव्हती.) जगात नद्या, तलाव आणि जमिनीतून जेवढं गोडं पाणी उचललं जातं त्यातलं सत्तर टक्के शेतीला, वीसेक टक्के उद्योगांना आणि राहिलेलं दहा-बारा टक्के घरांना आणि शहरांना. त्यात परत घरातलं पाणी बहुतेक सगळं मोरीतून गटारात जातं, म्हणजे घाण झालं तरी ते हातात असतं, साफ करून पुन्हा वापरता येतं. पिकाला दिलेलं पाणी पानांतून वाफ होऊन उडतं, ते त्या खोऱ्यापुरतं गेलंच.

मग घरातली बचत फुकट का? अजिबात नाही, पण तिचा फायदा तुमच्या स्वतःच्या धरणाला. केपटाऊनचं बघा. तीन वर्षं पाऊस दगा देत गेला आणि २०१८ च्या सुरुवातीला महापालिकेने सांगितलं की धरणांचा साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की नळ बंद, मग रांगेत उभं राहून माणशी २५ लिटर न्यायचं. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. लोक शॉवरखाली बादली ठेवून उभे राहायला लागले, दोन मिनिटांत अंघोळ, आणि ते बादलीतलं पाणी फ्लशला. पालिकेने तर शहराचा नकाशाच ऑनलाइन टाकला, मर्यादेत वापरणाऱ्या घरावर हिरवा ठिपका. शेजाऱ्याच्या घरावर ठिपका आहे आणि आपल्या नाही म्हटल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. २०१५ मध्ये शहर दिवसाला १२० कोटी लिटरच्या आसपास पाणी वापरायचं ते ५० कोटींवर आलं. नळ बंद करायची वेळ आलीच नाही.

पण त्याच फेब्रुवारीत शेजारच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या संघाने स्वतःच्या साठ्यातलं १००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं, आणि शेतीचा कोटाही बराच कापला गेला. बादल्यांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ही कमी.

आता तुमच्या यजमानांसाठी. एका सुती टीशर्टमागे साधारण २७०० लिटर, एक कप कॉफीमागे १३० लिटर, एक किलो गोमांसामागे १५,४०० लिटर अशी जागतिक सरासरी काढलेली आहे. दुसऱ्या देशातून माल आला की त्यात मुरलेलं पाणीही आलं, ह्याला टोनी ॲलन ह्यांनी आभासी पाणी नाव दिलं आणि त्यासाठी २००८ चा स्टॉकहोम वॉटर प्राइझ त्यांना मिळाला. फक्त हे आकडे डोळे झाकून घेऊ नका. पावसावर वाढलेल्या कुरणातलं पाणी आणि आटत्या नदीतून कालव्याने आणलेलं पाणी ह्यांची एकाच तागडीत बेरीज केलेली असते. कापूस कुठल्या पाण्यावर पिकला हे टीशर्टच्या लेबलवर कुणी लिहित नाही.

प्रश्न : समुद्र भरलेला असताना लोक तहानलेले, हे मला पटत नाही. खारं पाणी गोडं करायचे मोठे प्लांट टाकले की प्रश्न मिटला, नाही का?

उत्तर : पिण्यापुरता मिटतो, आणि काही देशांनी मिटवलाही आहे. आखाती देश, इस्राएल ह्यांची शहरं बऱ्याच अंशी ह्याच पाण्यावर चालतात. १९६० च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन ह्या दोघांनी मीठ अडवून पाणी पलीकडे जाऊ देणारा कामाचा पडदा तयार केला, आपल्या घरच्या आरओच्या पडद्याचा तो पूर्वज म्हणा.

अडचण विजेची. समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला आजच्या चांगल्या प्लांटमध्ये तीन ते चार युनिट वीज लागते. पिण्याला हे काहीच नाही. पण एक किलो गव्हामागे जागतिक सरासरीने १८०० लिटर पाणी जातं, ते सगळं समुद्रातून आणायचं ठरवलं तर किलोमागे सहा युनिट वीज नुसत्या पाण्यालाच. वर समुद्रापासून लांब आणि उंचावर शेत असेल तर चढवायचं कोण? हजार लिटर पाणी एक किलोमीटर उंच न्यायला कमीत कमी पावणेतीन युनिट, हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, त्यात घासाघीस चालत नाही. शिवाय उरलेलं जास्त खारट पाणी टाकायचं कुठे. २०१९ मध्ये जगभरच्या प्लांटांची मोजदाद झाली तेव्हा दर लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर असं खारट पाणी निघत असल्याचं दिसलं, ते बहुतेक परत समुद्रातच.

एका वाचकांनी हिमनग ओढून आणायची आयडिया पाठवलीये. काका, तुमच्या आधी एका सौदी राजपुत्राला ती सुचली होती. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात ह्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, अलास्कातून बर्फाचा एक तुकडा खास मागवला होता. तो पाहुण्यांच्या पेयांत गेला.

प्रश्न : आमच्या घरची शेती आहे. सगळ्या जगाने पाटाने पाणी द्यायचं बंद करून ठिबक केलं तर निम्मं पाणी वाचेल असं ऐकतो. तुम्ही ह्यावर लिहित का नाही?

उत्तर : लिहायची भीती वाटते म्हणून, कारण उत्तर कुणालाच आवडत नाही.

पाटाने १०० बादल्या दिल्या. पन्नास पिकाने घेतल्या, काही उन्हाने उडाल्या, राहिलेल्या झिरपल्या किंवा वाहून गेल्या. आपण म्हणतो वाया गेल्या. पण झिरपलेलं पाणी खालच्या अंगाला कुणाच्या तरी विहिरीत निघतं, ओढ्याला लागतं. आता ठिबक केलं, साठ बादल्यांत काम झालं, चाळीस वाचल्या. त्या चाळीस बादल्या तुम्ही जमिनीतच ठेवल्यात तर उत्तम. पण कुठला शेतकरी ठेवेल? तो शेजारचा पडीक तुकडा भिजवणार किंवा जास्त पाण्याचं, जास्त पैशाचं पीक घेणार, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण झालं काय, आता शंभरच्या शंभर बादल्या पिकांतून उडून चालल्या आणि खालच्या विहिरीचा पाझर गेला. शेतात बचत, खोऱ्यात तूट.

अमेरिकेत कॅन्ससमध्ये हे अगदी मोजून झालंय. तिथे ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा उपसला जातो. सरकारने अनुदान देऊन कमी पाण्यात काम करणारे फवारे बसवून घेतले. २०१४ मध्ये संशोधकांनी नोंदी तपासल्या तर उपसा घटण्याऐवजी थोडा वाढलेला, कारण लोक जास्त तहानलेल्या पिकांकडे वळले आणि भिजवलेलं क्षेत्र वाढलं.

म्हणून ठिबक वाईट का? उत्पन्न वाढतं, खत वाचतं, मेहनत वाचते, तुम्ही जरूर करा. पण त्याने नदी वाचवायची असेल तर आधी एकूण उपशाला कुलूप लागतं, मग त्या कुलपाच्या आत ठिबक. ऑस्ट्रेलियाने मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ ला नदीतून उचलायच्या पाण्यावर कमाल मर्यादा घातली आणि मर्यादेतला आपला वाटा शेतकऱ्यांना एकमेकांना विकता येतो. तिथेही भांडणं आहेत, चोरीचे आरोप आहेत, पण निदान कशाची चोरी झाली हे सांगता येतं. कॅलिफोर्नियाने भूजलाचा असा कायदा केला तो थेट २०१४ मध्ये.

इतक्या उशिरा का म्हणून विचाराल तर तिथला एक जुना फोटो आठवतो. १९७७ सालचा, सॅन होकिन खोऱ्यातला. विजेच्या साध्या खांबाला लागून एक माणूस उभा आहे, भूवैज्ञानिक जोसेफ पोलंड. खांबावर त्याच्या डोक्याच्या खूप वर एक पाटी, १९२५. मधे एक पाटी, १९५५. आणि पायाजवळ १९७७. त्या त्या साली जमीन कुठे होती ते दाखवणाऱ्या पाट्या. पन्नासेक वर्षांत शेतकऱ्यांच्या पायाखालची जमीन जवळजवळ नऊ मीटर खाली गेली होती, आणि सगळं शिवार एकदम बसल्यामुळे नुसतं बघून कळतही नव्हतं. पाणी उपसलं की चिकणमातीचे थर दाबले जातात आणि एकदा दाबले की नंतर कितीही पाऊस पडो, तिथे पूर्वीइतकं पाणी मावत नाही. खात्यातले पैसे गेले ते गेले, खातंच आक्रसलं.

अजून एक, ऐकून विश्वास बसणार नाही. जगभर उपसलेलं भूजल शेवटी समुद्रात जातं, वजन इकडचं तिकडे होतं, आणि १९९३ ते २०१० ह्या काळात त्यामुळे पृथ्वीचा फिरण्याचा अक्ष ८० सेंटिमीटर सरकला असं २०२३ च्या एका अभ्यासात निघालं.

प्रश्न : सांडपाणी शुद्ध करून पिणार म्हणे! तुम्ही प्याल का?

उत्तर : पिईन की. नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून पितेय, शुद्ध केलेलं सांडपाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळून. सिंगापूरने २००३ पासून असं पाणी बनवायला घेतलं, नाव दिलं न्यूवॉटर, बाटल्या भरून लोकांना वाटल्या, आणि खरं म्हणजे त्यातलं बरंचसं चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातं कारण ते फारच शुद्ध लागतं. अंतराळ स्थानकावर तर लघवी आणि घाम धरून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेलीये. किळस नावामुळे येते. वरच्या गावाचं सांडपाणी नदीत आणि त्याच नदीचं पाणी खालच्या गावाच्या नळाला, हे जगात कुठे होत नाही? फक्त मधे नदी आली की आपण विसरतो.

ह्यालाच जोडून एकाने एआयबद्दल विचारलंय. डेटा सेंटरमध्ये यंत्रं थंड करायला पाण्याची वाफ करतात, ते पाणी उडालं, म्हणून कोरड्या भागात सेंटर टाकलं की लोक चिडतात ते रास्त आहे. जगाच्या हिशोबात शेतीपुढे ते किरकोळ, पण एखाद्या गावाच्या बोअरवेलला जगाचा हिशोब काय कळणार. २०२१ च्या दुष्काळात तैवानने चिपचे कारखाने चालू ठेवले आणि हजारो हेक्टर भाताचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली. कोणाला आधी, हा निवाडा असा अचानक समोर येतो.

प्रश्न : तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार हे खरं का? व्हॉट्सॲपवर नेहमी येतं.

उत्तर : मला पण येतं, दर उन्हाळ्यात. पाणी आणि पाटावरून दोन राज्यांचं लढाईपर्यंत गेलेलं ठळक उदाहरण द्यायचं तर मेसोपोटेमियातल्या लगाश आणि उम्मा ह्या दोन नगरांचं देतात, साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. जिंकणाऱ्याने कोरून घेतलेली गिधाडांची शिळा आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यानंतर देशांनी पाण्यावरून युद्धापेक्षा करारच जास्त केलेत. पण करार म्हणजे सगळं आलबेल असं नव्हे. नाईलचा १९५९ चा करार इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर देतो आणि इथिओपियाला शून्य, जिथून नाईलचं ८५ टक्के पाणी येतं. इथिओपियाने आपलं मोठं धरण बांधून सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन केलं, वाद तसाच आहे. सिंधू करार १९६० चा, तीन युद्धांतून टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला.

माझ्या मते तलवारीपेक्षा चुकीचा आकडा जास्त नडतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी तिथल्या सात राज्यांनी १९२२ मध्ये वाटून घेतलं, पण मोजमाप घेतलेली वर्षं नेमकी जास्त पावसाची होती, त्यामुळे नदीत असतं त्यापेक्षा जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, तिच्यावरचं लेक मीड हे धरणाचं तळं इतकं आटलं की बुडालेल्या होड्या उघड्या पडल्या आणि एका पिंपात चाळीसेक वर्षांपूर्वीचा मृतदेहही सापडला.

प्रश्न : पाणी हा हक्क आहे तर बिल कशाला? आणि बिल घेतलं तर गरिबाने काय करायचं?

उत्तर : संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० ला पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला. हक्क आहे म्हणून पाइप आपोआप दुरुस्त होत नाहीत, आणि पाइप नसलेला गरीब माणूस फुकट पाणी पीत नाही, तो टँकरवाल्याकडून सगळ्यात महाग पाणी विकत घेतो.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घ्या. १९९३ मध्ये तिथे शुद्ध केलेल्या पाण्यातलं ७२ टक्के गळतीत आणि चोरीत जायचं, काही चोरी तर खात्यातलीच माणसं करायची. एक सोन चान ("एक" हे त्यांचं आडनाव) हे इंजिनिअर पाणीखात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी मीटर बसवणं, बेकायदा जोडण्या तोडणं आणि बड्या थकबाकीदारांच्या दारात स्वतः जाणं असं सुरू केलं. एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. ते परत गेले, बरोबर सशस्त्र माणसं घेऊन आले, आणि जोडणी तोडलीच. गरीब घरांना जोडणीचा खर्च सवलतीत आणि हप्त्यांवर, कमी वापराला कमी दर. दहा-बारा वर्षांत चोवीस तास पाणी आणि गळती सहा-सात टक्क्यांच्या घरात, भल्या भल्या श्रीमंत शहरांना जमलेलं नाही असं. २००६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. मला ह्यात सगळ्यात आवडतं ते हे की नवीन धरण बांधायच्या आधी असलेलं पाणी कुठे जातंय ते त्यांनी शोधलं.

प्रश्न : आटलेला तलाव परत येतो का हो? अरल समुद्राचे फोटो बघून मुलगी रडली.

उत्तर : तिला अर्धी गोष्ट तरी सांगा. अरल १९६० मध्ये जगातला चौथा मोठा तलाव होता. आमू दर्या आणि सिर दर्या ह्या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि तो तुटून तुकडे झाला, मोयनाक बंदरातल्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या. पाणी इतकं खारट झालं की मूळचे मासे गेले आणि मुद्दाम आणून सोडलेला फ्लाउंडर नावाचा चपटा खारा मासाच काय तो तगला. दक्षिणेकडचा भाग अजून वाळवंटच आहे, त्याचा पूर्वेकडचा तुकडा २०१४ ला पूर्ण आटला होता.

पण उत्तरेकडे कझाकस्तानने २००५ मध्ये कोकअरल नावाचा बांध घातला, फार काही उंच नाही, लांबी बारा-तेरा किलोमीटर, सिर दर्याचं पाणी दक्षिणेला पळून जाऊ नये म्हणून. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढलं. अराल्स्क गावापासून शंभरेक किलोमीटर लांब गेलेला किनारा बराच जवळ आला. नदीतले गोड्या पाण्याचे मासे परत आले, कोळी परत जाळी टाकायला लागले. आणि तो फ्लाउंडर हल्ली कमी सापडतो, कारण पाणी आता त्याला पुरेसं खारट राहिलेलं नाही.